तेजूची साइड आणि माझे पोहे

चहा आधी पिऊन घ्या. कारण हे ऐकल्यावर माझ्या घरची बशी उचलताना तुमचा हात जरा थबकेल. आमच्या गावातल्यांचा तर अजून थबकतो.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या घरी पोलीस पाटील आले होते. चोरी झाली नव्हती, शेताच्या धुऱ्यावरून भांडण नव्हतं. आले ते माझ्यासाठी. म्हणजे माझ्याविरुद्ध! मी, डी.एड. झालेली, गल्लीतल्या लेकरांची शिकवणी घेणारी, हळदीकुंकवाला उभं राहून 'मुलगी शिकवा' म्हणून चार शब्द बोलणारी बाई. आणि माझ्याविरुद्ध तक्रार काय, तर मी माझ्या मुलीचं लग्न लावतेय. सोळा वर्षांच्या!

हसू नका एवढ्यात. मला स्वतःला हसू यायला बरेच दिवस लागले.

सुरुवात झाली दहावीच्या निकालापासून. तेजू आमची एकुलती एक. मार्क पडले ऐंशीच्या किंचित वर. तुम्ही म्हणाल, छानच की! पण मार्कांचं असं असतं बघा, पंच्याण्णव पडले तर घर ठरवून टाकतं, पन्नास पडले तर गाव ठरवून टाकतं. ऐंशीला मात्र मुलीलाच विचारावं लागतं. आणि आमच्या मुलीला विचारलं की ती म्हणायची, "पाहू."

"सायन्स घेतं का?"

"पाहू."

"मंग कॉमर्स?"

"पाहू न."

"खामगावले डिप्लोमा पण आहे म्हणतात."

"आई, पाहू म्हटलं न!"

अकरावीला कोणती शाखा घ्यायची, याला आमच्याकडे 'साइड' म्हणतात. त्या महिन्यात गावात भेटेल तो माणूस तिला एकच विचारायचा, "काय व तेजू, कोणती साइड?" दुकानात साखर आणायला पाठवली तरी पोरगी साखरेबरोबर सल्ला घेऊन यायची. दूधवाला म्हणाला, नर्सिंग. पिठाच्या गिरणीवाल्यानं पीठ हातात देता देता स्पर्धा परीक्षेचा मार्ग दाखवला. सासूबाई चौथी शिकलेल्या, पण त्यांचंही ठरलेलं होतं. "सायन्सच घ्यावं. सायन्सातून आर्ट्सले येता येते, आर्ट्सातून सायन्सले जाता येत नाही." हे वाक्य आमच्या जिल्ह्यात पाळण्यातल्या पोराला पण पाठ असेल.

तेजूचे वडील, म्हणजे आमचे हे, गावाचे संजूभाऊ, यांचं अमडापूरला बी-बियाण्यांचं दुकान आहे. त्या हंगामात त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. "तिले आवडन ते करू दे," एवढं म्हणून गाडीला किक मारायचे. आवडतं काय, तोच तर प्रश्न होता!

आणि मी? माझं सांगायचं तर मला बारावीनंतर कुणी काही विचारलंच नव्हतं. डी.एड. कर, लगेच मास्तरीण होशील, असं घरच्यांनी सांगितलं आणि मी केलं. मी पास झाले आणि भरती बंद पडली. माझ्यामुळे नसेल पडली, पण वाटतं तसं. म्हणून मी तेव्हाच मनाशी ठरवलेलं, मला मुलगी झाली तर तिला विचारायचं. सगळं तिला विचारून करायचं.

झालं काय, की मी फारच विचारलं. पोळी वाढताना विचारलं, वेणी घालताना विचारलं. एकदा तर न्हाणीघराच्या दाराबाहेर उभी राहून विचारलं. आतून पाणी ओतायचा आवाज थांबला. मग बऱ्याच वेळानं पुन्हा सुरू झाला.

एके दिवशी जेवता जेवता तिनं ताट बाजूला सारलं. आवाज चढवला नाही, रडली नाही. म्हणाली, "तुम्ही सगळे मिळून ठरवा आन् मले सांगा. मी करते."

त्यानंतर ती गप्पच झाली. 'पाहू'सुद्धा म्हणेना. इतके दिवस त्या 'पाहू'नं माझं डोकं उठवलं होतं, आणि आता तेवढ्यासाठी मी कान लावून बसायची.

पेपरात कसल्या कसल्या बातम्या येतात, तुम्हीही वाचता. मी तिच्या खोलीच्या दाराची आतली कडी काढून टाकली. सांगितलं, गंजली होती. कडी चांगली होती.

तेव्हा मी ठरवलं, आता घरात अ‍ॅडमिशन हा शब्द काढायचा नाही. आपल्यापैकी कुणी विचारायचं नाही. बाहेरचं, समजदार, पोरीला ओळखत नसलेलं माणूस आणायचं आणि त्याच्याशी तिला बोलू द्यायचं. विचार वाईट होता का? सांगा तुम्हीच!

माझ्या डी.एड.च्या मैत्रिणीची मोठी जाऊ, सुरेखाताई, अकोल्याला राहतात. मिस्टर कॉलेजात प्राध्यापक. मुलगा प्रणव इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. या मुलानं म्हणे आधी एक साइड घेतली, वर्षभर रडला, मग सोडून दुसरी घेतली. मला असाच मुलगा हवा होता. म्हणजे, मार्गदर्शनासाठी!

सुरेखाताई फोनवर म्हणाल्या, "अहो, रविवारी आम्ही चिखलीला लग्नालाच येतोय. जाता जाता तासभर बसतो तुमच्याकडे."

मी अंगणात उभी राहून, आवाज खाली करून बोलत होते. "तिला काही सांगितलं नाही हो अजून. घाबरते. पाहुणे म्हणूनच या. दोघांना गच्चीवर बसवू, म्हणजे मोकळेपणानं बोलतील. आमच्यासमोर ती तोंड उघडायची नाही."

अंगणावर एक खिडकी उघडते. खिडकीच्या आत पलंग आहे. पलंगावर तेजू पुस्तक घेऊन पडली होती. हे सगळं मला माहीत होतं, घर माझंच आहे. पण त्या वेळी माझं सगळं लक्ष गुपित राखण्याकडे होतं!

तिला मी फक्त एवढंच सांगितलं, "रविवारी अकोल्याचे पाहुणे येणार आहेत. तो मोरपंखी ड्रेस घालजो. आन् काही विचारलं तर खाली पाहू नको, नीट उत्तर देजो."

"कोण पाहुणे?"

"येतील तवा कळन."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी घाईनं डबे पुसायला लागले.

मग तयारी. शेजारच्या शमीमभाभींकडे चांगला कपांचा सेट आहे, गुलाबाच्या फुलांचा. त्यांच्या मिस्टरांचं कटलरीचं दुकान आहे, गावात कुणाकडेही पाहुणे यायचे असले की तो सेट निघतो. मी मागायला गेले. त्यांनी विचारलं, "कौन आ रहा वहिनी?"

"अकोल्याचे आहेत. नवराबायको आणि त्यांचा मुलगा. इंजिनिअर होऊन राह्यला."

भाभींचा हात कपावरच थांबला. मग त्यांनी एकेक कप पुसून माझ्या हातात दिला, एक शब्द न बोलता. मला वाटलं, जळली बाई! त्यांच्या मोठ्याला बारावीत कमी मार्क पडले होते ना. बघा, माणसाचं मन किती खालच्या थराला जातं.

घरी सासूबाईंनी विचारलं, "वर्षा, पोहे करतं की उपमा?"

"पोहेच करते आई. पोहे बरे."

त्या 'हं' म्हणाल्या आणि देवघराकडे तोंड करून बसल्या.

शनिवारी दुपारी मी शेंगदाणे सोलत होते. तेजू आपणहून येऊन शेजारी बसली. किती दिवसांनी! म्हटलं, हलू नये, पाखरू उडून जाईल.

"आई, तुले पाहाले आले होते तवा तू काय करत होती?"

"डी.एड.चा निकाल लागायचा होता माझा."

"मंग तू काय म्हटलं?"

"मी काय म्हणणार? पोहे नेऊन दिले," मी हसत म्हणाले.

"नाही म्हणता आलं असतं का?"

"कोणी विचारलंच नाही, तर नाही कोणाले म्हणू?"

मी आणखी हसले. ती हसली नाही. चार दाणे सोलले, उठली, आणि आजीपाशी जाऊन म्हणाली, "आजी, तुझा मोबाइल दे न थोडा वेळ." मोबाइल घेऊन मागच्या दारानं गोठ्याकडे गेली. मला इतकं बरं वाटलं! पोरगी बोलली, फोनशी खेळायला लागली. म्हटलं, येतेय माणसात.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तुला इतकंही कळलं नाही? नाही कळलं. मुलीच्या भविष्यासाठी परकी माणसं घरी बोलवायची, बसवायची, तिला त्यांच्यासमोर आणायचं, याची आमच्याकडे एकच रीत आहे. माझ्या हातांना तेवढीच येत होती. डोक्यात होतं करिअर मार्गदर्शन, आणि हात आपले कोथिंबीर चिरत होते.

रविवारी पाहुणे आले. दारात पांढरी गाडी थांबली तशी अख्खी गल्ली ओट्यावर आली. सुरेखाताई उतरल्या, पैठणी नेसून, नथ घालून. सर उतरले, फेटा काखेत धरून. आणि मागून प्रणव उतरला. मोतिया रंगाचा कुर्ता, वर जाकीट, केसांना काहीतरी लावून चापूनचोपून बसवलेले. लग्नालाच चालले होते ना ते! हातात पेढ्यांचा पुडा.

"रिकाम्या हातानं कसं यायचं," सुरेखाताई म्हणाल्या.

मी पदर सावरला. का सावरला, देव जाणे!

सगळे बसले. मी आतून हाक मारली, "तेजू, पोहे आण वं." तेजू ट्रे घेऊन आली. मोरपंखी ड्रेस, डोळे सुजलेले, ट्रेतल्या बश्या किणकिण वाजत होत्या. सरांनी अगदी प्रेमानं विचारलं, "बेटा, तुला काय काय आवडतं?"

"काहीच नाही."

"असं कसं? एखादा विषय?"

"नाही."

"बरं, पुढं काय करायचा विचार आहे?"

तेजूनं माझ्याकडे पाहिलं. ते बघणं मी अजून विसरले नाही. मग म्हणाली, "माह्या विचारावर काही आहे का?"

प्रणव बिचारा पोहे चावायचा थांबला. सुरेखाताईंनी विषय सावरला, "शांत आहे हो मुलगी." आणि मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "तुम्ही दोघं गच्चीवर जा, मोकळेपणानं बोला."

"मी नाही जाणार."

"अगं, तो काही खात नाही तुले!"

"मी नाही जाणार म्हटलं न आई!"

ट्रे खाली आपटला. गुलाबाचा एक कप घरंगळत सरांच्या बुटापाशी गेला. आणि त्याच वेळी दारातून आवाज आला, "संजूभाऊ आहेत का घरी?"

पोलीस पाटील शेषरावभाऊ. त्यांच्या मागे अंगणवाडीच्या नंदाताई. नंदाताईंच्या मागे, फाटकाबाहेर, गल्ली.

शेषरावभाऊंनी खोली पाहिली. पोहे पाहिले. पेढ्यांचा पुडा पाहिला. प्रणवला तर डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. मग टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "वहिनी, मुलीचं वय काय?"

"सोळावं सरलं आत्ता. काऊन?"

"मंग हे काय चालू आहे?"

"करिअर मार्गदर्शन," मी म्हणाले.

शेषरावभाऊंनी नंदाताईंकडे पाहिलं. "ताई, बावीस वर्ष झाले मी या गावात पाटीलकी करून राह्यलो. साखरपुडा म्हणतात, नामकरण म्हणतात, एकानं सत्यनारायण म्हटलं होतं. हे नवीन निघालं."

"अहो भाऊ, खरंच! हे प्राध्यापक आहेत."

"असन न. शिकलेले लोकं पण करतात."

प्रणव उभा राहिला. चेहरा घामानं डबडबलेला. "काका, मी तर लग्नाला चाललोय!"

"ते दिसूनच राह्यलं बाप्पा."

"माझ्या नाही! मावसभावाच्या!"

"सगळे पहिले मावसभावाचंच सांगतात," शेषरावभाऊ शांतपणे म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

सरांनी गाडीतून लग्नाची पत्रिका आणली. शेषरावभाऊंनी ती चष्मा लावून, गणपतीपासून 'आपले विनीत'पर्यंत सगळी वाचली. नवरदेवाचं नाव प्रणव नव्हतं. तरी त्यांनी विचारलं, "याले घरी दुसऱ्या नावानं तर नाही हाक मारत?"

तेवढ्यात कुणीतरी अमडापूरला फोन केला असावा. हे गाडी दामटत आले. फाटकाबाहेर माणसं, ओट्यावर बायका, सासूबाई देवघरापाशी डोळे पुसतायत. ते दारातच थबकले, हेल्मेट डोक्यावर तसंच, आणि म्हणाले, "कोण गेलं?"

कुणी गेलं नव्हतं. माझी अब्रू तेवढी निघाली होती.

नंदाताई आता म्हणाल्या, "मुलीशी मला एकटीशी बोलायला लागेल. नियम आहे." आणि तेजूला घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. दार लोटून घेतलं. माझ्याच स्वयंपाकघराचं दार, माझ्याच तोंडावर! बाहेर मी, कोथिंबिरीचे हात घेऊन उभी. आतून काही ऐकू येत नव्हतं. माझी मुलगी आत एका परक्या बाईला काहीतरी सांगत होती, आणि सांगत होती ते माझ्याबद्दल होतं. हसण्यासारखं त्या क्षणी काही नव्हतं.

माणूस अशा वेळी काय करतो? दुसऱ्यावर घसरतो. मी ओट्यावर गेले आणि गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "शेजारी असावेत तर असे! कपही द्यायचे आणि कंप्लेंटही करायची!"

शमीमभाभी समोरच उभ्या होत्या. पुढं आल्या. आवाज अगदी खाली. "वहिनी, मैंने नहीं की. करना था. रातभर सोची. पर तुमसे बिगाड़ने की हिम्मत नहीं हुई मेरी."

सासूबाई मागून म्हणाल्या, "मलेही वाटलं, बोलावं. पण तुम्ही शिकलेले. तुम्ही दोघांनी ठरवलं, म्हटलं, मी कोण सांगणारी."

म्हणजे बघा! शेजारणीला वाटलं, सासूला वाटलं, गल्लीला वाटलं. आणि मला तोंडावर विचारलं कुणी? कुणीच नाही. विचारायचं सगळं तेजूला विचारून संपलं होतं बहुतेक.

"मंग केलं कोणी?" हे हेल्मेट काढत म्हणाले.

"ते सांगता येत नाही," नंदाताई बाहेर येत म्हणाल्या.

त्यांच्या मागून तेजू आली. म्हणाली, "मी केला फोन. शाळेच्या भिंतीवर हेल्पलाइनचा नंबर लिहिला आहे, तिथं."

प्रणव कशाला तरी उगाच खोकला.

"तेजू," मी म्हणाले, "तुले वाटलंच कसं? मी? मी तुझं लगन लावीन?"

"तूच म्हटलं फोनवर. तिले काही सांगितलं नाही, गच्चीवर बसवू."

"अव, पण मले विचारायचं तरी एक वेळ!"

"विचारलं न. शेंगदाण्याच्या वेळी. तू हसली." तिचा आवाज तेवढा पहिल्यांदा फुटला. "मले वाटलं, मले साइड ठरवता येत नाही न, म्हणून तू थकली. म्हटलं, कंटाळली असन आई मले."

मी सगळ्यांसमोर खाली बसले, ट्रेजवळ, आणि रडले. ती उभीच होती. मग तिनं आधी तो घरंगळलेला कप उचलला, टवका उडाला का पाहिलं, शमीमभाभींच्या हातात दिला, आणि नंतर माझ्याजवळ येऊन बसली. याचा मला राग नाही. क्रम बरोबर होता.

गैरसमज मिटला तरी शेषरावभाऊ उठेनात. "तक्रार आली म्हणजे हमीपत्र घ्या लागते वहिनी. वरून विचारतात." तेव्हा 'माझ्या मुलीचे अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही' असं मला माझ्या हातानं लिहून द्यावं लागलं. शेषरावभाऊंनी कागद उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "अक्षर लई सुंदर आहे. डी.एड.चं दिसते." माझ्या डी.एड.चं गावानं केलेलं हे पहिलं जाहीर कौतुक!

मी सही करणार तेवढ्यात तेजू म्हणाली, "काका, त्यात अजून एक लिहून घ्या. मी आपणहून सांगेपर्यंत कोणी मले साइड विचारायची नाही."

शेषरावभाऊंनी गंभीरपणे विचार केला. "कायद्यात बसत नाही," ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "पण लिहा."

लिहिलं. सर्वांदेखत सही केली. मग शेषरावभाऊंनी गार पोह्यांची बशी ओढली आणि पहिला घास घेतल्या घेतल्या तेजूला विचारलं, "तरी पण, सायन्स काऊन नाही घेत व?" नंदाताईंनी त्यांच्या हातातून बशी काढून घेतली.

पाहुण्यांचं लग्न चुकलं. चिखलीला पोचले तेव्हा पंगती उठल्या होत्या म्हणे. सुरेखाताई अजून माझा फोन उचलतात, ही त्यांची थोरवी.

आणि मग सुरू झाली माझी खरी शिक्षा. विचारायचं नाही! तुम्ही करून बघा एकदा. मुदत जवळ येत चाललेली, गावातल्या पोरी फाइली घेऊन बुलढाण्याला पळतायत, आणि माझ्या जिभेवर प्रश्न वळवळतोय. भाजीला फोडणी घालताना "को" म्हणून थांबायची. तेजू मान वर करायची. मी म्हणायची, "कोथिंबीर संपली." शेवटी राहवेना. शेषरावभाऊ पाराजवळ भेटले, त्यांना बाजूला घेतलं. "भाऊ, फक्त एक वेळ विचारू का तिले?"

"सही केली न वहिनी?" ते म्हणाले आणि चालायला लागले.

मग एका सकाळी दात घासता घासता तेजूच म्हणाली, "चिखलीले जाते मी. कॉमर्स."

मी भिंत धरली. न विचारता म्हणाले, "बरं."

"रोज एसटीनं घरी येता येते. अकोल्याले खोली करून नाही राह्यचं मले. आन् बेडूक कापणं नाही होत माह्याच्यानं. बाकी पुढचं अजून माहीत नाही." चूळ भरली. "माहीत नाही तर नाही. कळन."

मी बरं म्हणाले. पाठ फिरवून परत एकदा म्हणाले. माहीत नाही हे इतक्या सरळ म्हणता येतं, हे मला अडतिसाव्या वर्षी कळलं. त्याच दिवशी मी कडी परत बसवून घेतली.

अ‍ॅडमिशनला दोघी गेलो. बसमध्ये मी खिडकीबाहेर बघत राहिले, तोंड उघडायला नको म्हणून. कॉलेजात ही रांग! आमचा नंबर आला. खिडकीतल्या क्लार्कनं विचारलं, "शाखा?"

"कॉमर्स," मी म्हणाले. निघूनच गेलं हो तोंडातून!

"माध्यम?"

"मराठी," मी.

"कुठल्या गावच्या?"

मी गाव सांगितलं, तालुका सांगितला, पिन कोड सांगायला लागले, तसा तो पेन खाली ठेवून माझ्याकडे बघत म्हणाला, "मॅडम, अ‍ॅडमिशन तुमची आहे की मुलीची?"

खरं सांगू? क्षणभर मला नक्की सांगता येईना.

तेजू पुढे सरकली. "माझी आहे सर," ती म्हणाली. "आई नुसती सोबत आली आहे."

बरोबर होतं तिचं. मी दोन पावलं मागं झाले. हातातली पर्स घट्ट धरली, ओठ त्याहून घट्ट मिटले. म्हटलं, आता मेले तरी बोलायची नाही. पोरगी एकटी खिडकीशी उभी होती, मान वर करून. क्लार्कनं तिच्याकडे पाहून विचारलं, "दुसरी भाषा कोणती घेणार? मराठी की हिंदी?"

तेजू विचार करायला लागली. "पाहू..." म्हणाली.

आणि अख्ख्या रांगेनं वळून बघावं इतक्या मोठ्यानं मागून कुणीतरी ओरडलं, "हिंदी!"

मीच होते हो.